सारण भरलेले कुकी डो बाइट्स: कवच का तडकतं, सारण का गळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओव्हन न वापरता कुकी डोचे (कुकीच्या न भाजलेल्या कणकेचे) गोळे केले, आत हेझलनट स्प्रेड भरलं, गोळे तासभर फ्रीजरमध्ये कडक केले आणि मग वितळलेल्या डार्क कंपाउंडमध्ये (वनस्पतीजन्य स्निग्ध पदार्थ वापरलेल्या चॉकलेटमध्ये) बुडवले. संध्याकाळपर्यंत निम्म्या गोळ्यांना तडे गेले, काहींच्या बुडातून सारण बाहेर आलं आणि जे शाबूत होते ते दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर पांढरट पडलेले. राहायला ठाण्यात, एसी फक्त बेडरूममध्ये, राखीच्या ऑर्डर घेतलेल्या आहेत. डोसाठी मैदा वापरला होता, 'दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये गरम करून'.

चॉकलेटचं काम गेली बरीच वर्षं घरूनच करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे: गोळा फ्रीजरमधून काढून थेट चॉकलेटमध्ये टाकला. फ्रीजर हवाच, पण तो सारणासाठी. एकदा सारण डोच्या आत गेलं की फ्रीजरचं काम संपलं.

तडा कसा जातो ते आधी बघू. उणे अठरा अंशांवरचा गोळा चाळीस अंशांच्या चॉकलेटमध्ये गेला की कवच त्याच्याभोवती क्षणात आवळून बसतं. बघायला फार छान वाटतं, कारण बाहेर काढता काढताच सुकतं. पण आतला गोळा अजून आकसलेला असतो. तो हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो, तसा फुगतो. लोणी आणि स्प्रेड दोन्ही स्निग्ध, त्यामुळे त्यांचं फुगणं नजरेला दिसत नसलं तरी कवचाला पुरेसं जाणवतं. कवच आधीच ताणात असतं, मग ते जिथे सर्वांत पातळ आहे तिथे फुटतं. त्यात पारी बंद करताना आत हवा राहिली असेल तर तीही प्रसरण पावते आणि सारणाला बाहेर ढकलते. बुडातून गळतं त्याचं कारण बहुधा हेच, कारण चॉकलेट खाली ओघळून जातं आणि काटा लावतो ती जागाही खालचीच.

पांढरेपणाचे दोन प्रकार असतात, ते बोटाने ओळखता येतात. पांढऱ्या डागावर बोट हलकेच चोळा. डाग विरघळून गेला आणि बोट तेलकट झालं तर स्निग्धांश वर आलेला आहे. खरखरीत, कोरडा लागला आणि गेला नाही तर साखर वर आलेली आहे. ऑगस्टच्या ठाण्यात, फ्रीजरमधून काढलेल्या गोळ्यावर हवेतलं पाणी दवासारखं जमतं, चॉकलेटमधली साखर त्यात विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर तीच साखर कणांच्या रूपात वर बसते. तुमच्याकडे हा दुसरा प्रकार असणार, पैज लावायला तयार आहे.

आता मैद्याबद्दल, कारण ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे.

कच्चा डो चाटण्याची सवय अमेरिकेतली. चॉकलेट चिप कुकी १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफिल्ड यांच्या हातून घडली आणि भांड्याला चिकटलेला डो पुसून खाणं तिच्याबरोबरच आलं असावं. पुढे लोकांना वाटायचं की धोका काय तो अंड्याचा, अंडं काढलं की झालं. पण पीठ हाही कच्चाच पदार्थ आहे. शेतातून आलेला गहू दळला जातो, त्यावर जंतू मारणारी कुठलीच प्रक्रिया होत नाही. २०१६ साली अमेरिकेत पिठातून पसरलेल्या ई. कोलाय या जिवाणूने ६३ जण आजारी पडले होते. आणि तिथलं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, स्पष्ट सांगतं की घरी पीठ गरम करून ते सुरक्षित झालं असं समजू नका. कोरड्या पिठात जंतू उष्णतेला बरेच चिवट असतात. शिवाय मायक्रोवेव्ह एका जागी पीठ जाळतो आणि शेजारी कोमट ठेवतो. दोन मिनिटांवर तर अजिबात विसंबू नका. त्यातून लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजी-आजोबा खाणार असतील, आणि राखीचा डबा म्हणजे घरातले सगळेच खाणार, तर हा धोका घेण्यात अर्थ नाही.

म्हणून मी मैद्याच्या जागी आधीच भाजलेली वस्तू घेते: मारी बिस्किटांचं पीठ. 'मग तो कुकी डो कसला' असं कुणी म्हणेल. म्हणू दे. लोणी, ब्राउन शुगर, व्हॅनिला आणि मिठाची किंचित कणी असली की जिभेला जे हवं ते मिळतं; मैद्याला स्वतःची चव असतेच कुठे? बिस्किटं मिक्सरमध्ये अगदी बारीक करून पिठाच्या चाळणीने चाळून घ्यायची. चाळली नाहीत तर पारीत रवाळ दाणे येतात आणि कडा वळताना तिथे चीर पडते. ग्लूटेन चालत नसेल त्यांच्यासाठी बदामाचं पीठ चांगलं, फक्त ते जास्त तेल सोडतं. पंढरपुरी डाळ्याचं पीठही चालतं, कारण तेही भाजलेलंच, पण एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर नको, नाहीतर कुकीऐवजी लाडू खाल्ल्यासारखं वाटतं.

साधारण २४ गोळ्यांचं प्रमाण देते. बिनमिठाचं लोणी ७५ ग्रॅम, बारीक ब्राउन शुगर ४५ ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क ४० ग्रॅम (दोन मोठे चमचे), चाळलेलं मारीचं पीठ १३० ग्रॅम, दूध पावडर ३० ग्रॅम, व्हॅनिला एक छोटा चमचा, मीठ दोन चिमटी, डार्क चॉकलेट ५० ग्रॅम, तांदळाच्या दाण्याएवढं चिरलेलं. बाजारातल्या चिप्स इथे नकोत, त्या पारीतून टोचून बाहेर येतात. सारण प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम. बुडवायला चॉकलेट ३०० ग्रॅम वितळवा. त्यातलं १७० ते २०० ग्रॅमच लागेल, पण भांड्यात खोली असल्याशिवाय गोळा नीट बुडत नाही. उरलेलं बटर पेपरवर ओतून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतं.

खारं लोणी घरात असेल तर तेच घ्या आणि मीठ वगळा. घरचं लोणी मात्र नको, त्यात ताकाचा अंश राहतो आणि डो दोन दिवसांत आंबूस लागतो. तूप घेणारेही बरेच असतात. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, तुपात जवळपास सगळाच, म्हणून तूप ६० ग्रॅम पुरे. चव मात्र लाडवाकडे झुकते. आणि ओव्हनच्या रेसिपीवरून प्रमाण उतरवत असाल तर बेकिंग सोडा गाळायला विसरू नका. भाजलं जाणार नसेल तर तो नुसता साबणासारखा लागतो.

दुधाऐवजी कंडेन्स्ड मिल्क का, असा प्रश्न येईल. घरच्याघरी, त्याच दिवशी संपणार असेल तर दोन चमचे दूध घाला, काही बिघडत नाही. पण ऑर्डरचं असेल तर मोकळं पाणी जितकं कमी तितकं बरं. कंडेन्स्ड मिल्कमधली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे डो लवकर खराब होत नाही आणि बिस्किटाचं पीठ लगद्यासारखंही होत नाही.

कृती सोपी आहे. लोणी मऊ असावं, वितळलेलं नको. लोणी आणि ब्राउन शुगर हाताच्या बीटरने दोन-तीन मिनिटं फेटा; साखरेची थोडी कचकच राहिली तर राहू द्या, मला तर ती हवीच असते. मग कंडेन्स्ड मिल्क, व्हॅनिला, मीठ. शेवटी पीठ, दूध पावडर आणि चॉकलेटचे कण घालून चमच्याने एकत्र करा, मळत बसू नका. हा डो लगेच वळायला घेतला तर हाताला चिकटतो. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बिस्किटाचं पीठ ओलावा पिऊन फुगतं आणि डो आपोआप बसतो. एवढं करूनही भुगा होत असेल तर एक छोटा चमचा कंडेन्स्ड मिल्क वाढवा. हात तेलकट होत असतील तर डो गरम झालाय, पीठ वाढवू नका, परत फ्रीजमध्ये टाका.

सारण मात्र आदल्या रात्रीच तयार ठेवायचं. हेझलनट स्प्रेडचे छोट्या चमच्याने बटर पेपरवर ठिपके घाला, अर्ध्या सुपारीएवढे, आणि ताट फ्रीजरमध्ये सरकवा. स्प्रेड दगडासारखं कडक होत नाही, पण कागदावरून सुरीने उचलण्याइतकं होतं. एका वेळी सहाच ठिपके बाहेर काढा. ठाण्याच्या दमट हवेत सातवा हातात येईपर्यंत मऊ झालेला असतो.

दुसरी सारणं करायची असतील तर एकच नियम लक्षात ठेवा: सारणात पाणी असेल तर ते डोमध्ये शिरणार. शेंगदाण्याचं बटर आणि पिठीसाखर हे सर्वांत निर्धोक. कॅरॅमल हवं असेल तर आइस्क्रीमवर घालायचं बाटलीतलं सॉस नको. कंडेन्स्ड मिल्कचा डबा, चमचाभर लोणी आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा, वडीसारखं कडा सोडायला लागलं की उतरवा. गार झाल्यावर त्याच्या गोळ्या हाताने वळता येतात. गुलकंद चांगला लागतो, डार्क चॉकलेटशी तर फारच, पण आधी चाळणीत टाकून पाक निथळू द्या आणि सुक्या खोबऱ्याच्या बारीक कीसात घोळवा. आंब्याचा रस नको, साठ्याचा (आंबापोळीचा) तुकडा घ्या. ताजी स्ट्रॉबेरी कितीही मोहात पाडो, यात घालू नका. एका दिवसात पाणी सुटतं आणि बंद कवचाच्या आत ती आंबायला लागते.

भरण्याचं काम पुरणाचा उंडा करण्यासारखंच आहे आणि ज्यांना ते जमतं त्यांना हे शिकवावं लागत नाही. डोचे १५-१५ ग्रॅमचे गोळे वजनकाट्यावर मोजून घ्या. अंदाजाने घेतलेल्या गोळ्यांची पारी कधी जाड कधी पातळ होते आणि डब्यात ते ओळीत बसत नाहीत. तळहातावर गोळा दाबून दोन इंचांची चकती करा, मध्यभाग जाड आणि कडा पातळ. गार सारण मध्ये ठेवा. आता कडा वर ओढून चिमटताना एक गोष्ट मुद्दाम करा: आधी पारी सारणाला चारही बाजूंनी चिकटवत वर या, तोंड सर्वांत शेवटी बंद करा. म्हणजे हवा वरून निघून जाते. घाईने पिशवीसारखं तोंड आधी बांधलं की पोकळी आत अडकते, आणि तीच संध्याकाळी तुमच्या ताटावर सारण होऊन बाहेर येते. तोंड बंद केल्यावर गोळा दोन्ही तळहातांत हलकेच फिरवा आणि जोड असलेली बाजू खाली ठेवा.

भरलेले गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. मग बाहेर काढून एसी लावलेल्या बेडरूममध्ये पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. बुडवताना गोळा १८ ते २० अंशांच्या आसपास असावा: बोटाला गार लागतो, दाबला तर खळगा पडत नाही, आणि वर दव नाही. हो, सगळा संसार बेडरूममध्ये हलवायला लागेल. एसी २२ वर ठेवा, पंखा बंद करा, दार लावून घ्या. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडे चॉकलेटचं काम करायचं तर दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

कंपाउंड की खरं चॉकलेट? कंपाउंडमध्ये कोकोआ बटरऐवजी वनस्पतीजन्य स्निग्ध पदार्थ असतो, त्याला टेम्परिंग (ठरावीक तापमानांवर वितळवून, गार करून चॉकलेट नीट गोठवणं) लागत नाही, वितळवा आणि बुडवा. तुमच्या परिस्थितीत, राखीच्या गडबडीत, मी कंपाउंडच सुचवेन. मंचरच्या मोर्डे कंपनीपासून बरेच प्रकार आपल्याकडे सहज मिळतात. चव खऱ्या चॉकलेटची नाही, टाळूला थोडं मेणचट लागतं, हे मान्य करूनच वापरायचं. डोमध्ये भरपूर लोणी आणि मीठ असल्यामुळे इथे ते फारसं जाणवत नाही. गोडवा कमी ठेवायला डार्कच घ्या. मिल्क कंपाउंडमध्ये बुडवलेला हा गोळा दुसऱ्या घासाला नकोसा होतो.

खरं चॉकलेट घेणार असाल तर टेम्परिंगला पर्याय नाही. कोकोआ बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठतं आणि त्यातलं पाचवंच आपल्याला हवं असतं, जे ३३-३४ अंशांपर्यंत टिकतं, चमकतं आणि 'टक्' असं तुटतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, त्यात न वितळवलेल्या चॉकलेटचे तुकडे, एकूण वजनाच्या पाव ते एक तृतीयांश, घालून ढवळत २८ पर्यंत खाली आणा आणि पुन्हा ३१-३२ वर नेऊन वापरा. मिल्क चॉकलेट त्याहून दोनेक अंश खाली. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाचेक मिनिटांत चकाकी येऊन सुकलं तर जमलं. पट्टे दिसले किंवा ओलसरच राहिलं तर परत सुरुवातीपासून. डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्याच. ओठाला लावून अंदाज घेणं रोज करणाऱ्याला जमतं.

एक गोष्ट अनेकजण करतात: महाग पडतं म्हणून अर्धं खरं चॉकलेट आणि अर्धं कंपाउंड मिसळतात. हे करू नका. दोघांमधले स्निग्ध पदार्थ एकमेकांशी जमत नाहीत, मिश्रण नीट गोठत नाही, मऊ राहतं आणि थोड्याच दिवसांत पांढरं पडतं.

कंपाउंड मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने, दर वेळी ढवळत वितळवा. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर भांडं ठेवायची पद्धतही ठीक, पण वाफेचा एक थेंब पडला तरी सगळं घट्ट, गुठळ्यांचं होऊन बसतं आणि मग ते बुडवण्याच्या कामाचं राहत नाही. दूध घालून त्याचा सॉस करा, दुसरं वितळवा. ५० अंशांच्या वर नेऊ नका. बुडवताना ४० च्या आसपास असावं. दाट वाटलं तर २०० ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेलं खाद्य खोबरेल तेल (डोक्याला लावायचं नव्हे, हे सांगावं लागतं). त्याहून जास्त घातलं तर कवच बोटाला चिकटतं.

आता गळती थांबवणारी खरी युक्ती. बुडवण्याआधी प्रत्येक गोळ्याला हातावरचा पातळ थर द्यायचा. हातमोजे घाला, तळहातावर अर्धा चमचा वितळलेलं चॉकलेट घ्या, गोळा त्यात दोनदा फिरवा आणि बटर पेपरवर ठेवा. थर इतका पातळ असतो की खालचा डो कुठे कुठे दिसतो, दिसू दे. दोन-तीन मिनिटांत तो सुकतो. त्याने डोवरची बारीक छिद्रं बुजतात, जोड पक्का होतो आणि दुसऱ्या थराला पकड मिळते. ट्रफल (चॉकलेटचे मऊ गोळे) करणारे कारागीरही हेच करतात. मग काट्यावर गोळा घेऊन अरुंद, खोल भांड्यात पूर्ण बुडवा, वर काढून काट्याची दांडी भांड्याच्या काठावर चार-पाच वेळा आपटा म्हणजे जादाचं खाली पडतं, बूड काठावर पुसा आणि कागदावर सरकवा. साध्या काट्याचे मधले दोन दात वाकवून काढले की गोळा चिकटत नाही. बूड पुसलं नाही तर गोळ्याभोवती चॉकलेटचं डबकं साचतं आणि उचलताना तेच आधी तुटतं.

वर काही भुरभुरायचं असेल तर एका वेळी चार-पाच गोळ्यांवरच, कारण कंपाउंड पटकन सुकतं. जाडं मीठ मला आवडतं. पिस्त्याचे काप दिसायला सुंदर, पण दमट हवेत दोन दिवसांत मऊ पडतात.

गोळे एसीच्या खोलीतच सुकू द्या. फार घाई असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

साठवण हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, आठवडाभर. बाहेर काढल्यावर डबा उघडायचा नाही. तासभर तसाच ठेवायचा, म्हणजे दव डब्यावर जमतं, गोळ्यांवर नाही. ज्यांना देणार त्यांनाही चिठ्ठी लिहून हे सांगा, नाहीतर ते उघडून बघतील, पांढरे डाग दिसले की तुम्हाला फोन करतील आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं.

ऑर्डरचं म्हणाल तर राखीच्या दोन दिवस आधी बुडवायला घ्या, डो आणि सारण त्याच्या आदल्या दिवशी. पहिल्या खेपेला सहाच गोळे करा, ते रात्रभर बेडरूमच्या बाहेर ठेवा आणि सकाळी बूड उलटं करून बघा. विकताय म्हणजे एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी डब्यावर गहू, दूध, सुकामेवा, सोया लिहा; सोया बहुतेक कंपाउंडमध्ये लेसिथिनच्या रूपात असतंच. कंपाउंड वापरलंय तर लेबलवर नुसतं 'चॉकलेट' म्हणू नका. पार्सलने दुसऱ्या गावी पाठवायला मी नकारच देते. भर उन्हात डिलिव्हरीच्या गाडीत चार तास काढल्यावर कुठलंच कवच चमकदार राहत नाही, आणि त्याचे पैसे परत मागणाऱ्या काकूंशी वाद घालण्यात राखी जाते.